इलन पाइप्सचा पहिला सेट: कारागीर ठरवण्याआधी

आधी एक खात्री करून घ्या. आपल्या लष्करी बँडमध्ये दिसतात ते स्कॉटिश बॅगपाइप्स, तोंडाने फुंकायचे. आयर्लंडचे इलन पाइप्स बसून वाजवतात. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली पिशवी. तेव्हा कारागीरही इलन पाइप्सच बनवणारा हवा. डावखुरे असाल तर पहिल्याच पत्रात तसं कळवा, कारण सगळा सेट उलटा बांधावा लागतो.

सुरुवात प्रॅक्टिस सेटने करा, म्हणजे भाता, पिशवी आणि चँटर (बोटांनी भोकं झाकत धून वाजवायची नळी). पट्टी डी घ्या, कारण आयर्लंडमधल्या बैठकी बहुतेक त्याच पट्टीत होतात. सी किंवा बी पट्टीच्या सेटचा आवाज गोड असतो, पण त्यावर चारचौघांत साथ जमत नाही. ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) आणि रेग्युलेटर (साथीचे सूर देणाऱ्या कळांच्या नळ्या) नंतर जोडून मिळतील का, चँटरवर पुढे चाव्या (जादा सुरांसाठीच्या कळा) बसवायला जागा ठेवली आहे का, हे आत्ताच विचारा.

आता रीड, म्हणजे हवेने कंप पावून सूर काढणारी पातळ पट्टी. माझ्या मते निवड इथेच ठरते. चँटरची दुहेरी रीड बोरूच्या जातीच्या गवतापासून बनते आणि हवेतल्या ओलाव्याप्रमाणे बदलते. दमट आयर्लंडमध्ये सुरात लावलेली रीड पुण्याच्या एप्रिलात तशीच वागेल, असं धरून चालू नका. म्हणून तुमच्या गावचं हवामान कारागिराला सांगा. रीड तो स्वतः बनवतो का, बिघडली तर दुसरी पाठवतो का, तिची किंमत काय, हे विचारा. या प्रश्नांना नीट उत्तर न देणाऱ्याचं लाकूडकाम कितीही देखणं असलं तरी त्याच्याकडून घेऊ नका.

त्याच्या चँटरचं रेकॉर्डिंग मागवा, तेही संथ वाजवलेलं. खालचा डी भरदार लागतो का, मधला डी त्याच्याशी जुळतो का, पिशवीवरचा दाब वाढवल्यावर वरच्या सप्तकातले ए आणि बी घसरतात का, हे तंबोरा किंवा ट्यूनर लावून ऐका. रील या जलद आयरिश नृत्यधुनेत हे दोष लपतात.

नाव सुचत नसेल तर डब्लिनच्या ना पीबरी इलन या १९६८ साली स्थापन झालेल्या पाइपवादकांच्या संस्थेला लिहा. आधीपासून वाजवणाऱ्या दोघातिघांनाही विचारा, विशेषतः त्यांचा सेट बिघडला तेव्हा कारागीर कसा वागला ते.

चांगल्या कारागिराकडे वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते, म्हणून नाव आजच नोंदवा. तोवर उसना किंवा वापरलेला सेट मिळाला तर शिकणं थांबत नाही. मात्र वापरलेला सेट जाणकाराने वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि ऑनलाइन दिसणारे शोभेचे स्वस्त सेट तर मुळीच नकोत.

आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी पट्टी, लाकूड, जादा रीड, अंदाजे तारीख आणि ऑर्डर रद्द केल्यास काय परत मिळेल, हे सगळं लेखी घ्या. कस्टमचा खर्च वेगळा काढून ठेवा.