पोफळीवरील कोळेरोग : पहिली फवारणी रोहिणीतच उरकावी

पोफळ म्हणजे सुपारीचे झाड मूळचे आग्नेय आशियातील दमट जंगलांचे, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस त्याला मानवतो. मात्र त्याच पावसात कोळेरोगाची बुरशीही फोफावते. कन्नडमध्ये ‘कोळे’ म्हणजे कुजणे. कोवळ्या सुपारीच्या देठाजवळ पाणी मुरल्यासारखा गडद हिरवा डाग दिसतो, पुढे फळावर पांढरी बुरशी चढते आणि झाडाखाली सडा पडतो. सडा पाहून औषधाची धावपळ करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण रोग येण्याआधी घडावर बसलेले असावे लागते.

म्हणून पहिली फवारणी मृगाची वाट न पाहता रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीस, करावी. दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे साधारण तरण्या (पुनर्वसू नक्षत्राच्या) पावसात उघडीप मिळेल तेव्हा घ्यावी आणि पाऊस लांबल्यास तिसरी.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत, वेगवेगळे कालवावेत. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळावे. हा क्रम उलटा करू नये. घासून लख्ख केलेले सुरीचे पाते त्यात मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे असे समजून चुन्याचे पाणी वाढवावे. हे मिश्रण अंदाजपंचे करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि बरेचदा औषधाला दिलेला दोष खरा तिथलाच असतो. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

फवारा झावळ्यांवर न उडवता घडावर, सर्व बाजूंनी, निथळेपर्यंत मारावा. ओल्या खोडावर माणूस चढवण्यापेक्षा लांब दांडीची दोटी (जमिनीवरूनच फवारता येणारी काठी) वापरणे बरे.

भाताच्या खाचरात नव्याने लावलेल्या बागांनी आधी चर खोल करावेत, कारण ओलावा सोसणारी पोफळ मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. गळालेली फळे वेचून जाळावीत आणि कुजके घड उतरवून घ्यावेत. ते वरच राहिले, तर हीच बुरशी शेंड्यात उतरते. मधला कोंब पिवळा पडून हाताने सहज उपटून येऊ लागला, की ते झाड वाचवणे कठीण होते.