सीसीएनएची तयारी करताना या चुका टाळा

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. त्याच्या २००-३०१ परीक्षेत अडकणारी बरीच मुलं अभ्यास मनापासून करतात. व्हिडिओ संपवलेले असतात, वह्या भरलेल्या असतात. कमी पडतो तो हाताचा सराव, कारण लॅब शेवटच्या आठवड्यावर ढकललेली असते. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच सरावाचं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून ते उघडा.

तेही नुसतं चालणारं नेटवर्क उभारण्यासाठी नको. चालतंय ते मुद्दाम बिघडवा. समजा, ट्रंकवर (दोन स्विचमधल्या सामायिक जोडणीवर) व्हीलॅन १० आणि २० (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क) यांनाच परवानगी दिली आहे. आता ३० हवं म्हणून ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असं टाइप केलं, की १० आणि २० दोन्ही बंद पडतात. ‘अ‍ॅड’ राहून गेलं, म्हणून यादीत भर पडण्याऐवजी यादीच बदलली. हे स्वतः करून ‘शो इंटरफेसेस ट्रंक’चं आउटपुट नीट वाचा. अ‍ॅक्सेस लिस्टचंही (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं या नियमांच्या यादीचंही) तसंच. एका पीसीला अडवणारी एकच डिनायची ओळ लिहून लावली, तर सगळेच अडतात, कारण यादीच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय एनी’ असतोच. पिंग (जोडणी तपासणारा संदेश) का जात नाही, हे अर्धा तास शोधून जे कळतं ते चार व्हिडिओंनी कळत नाही.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचं गणित, कॅल्क्युलेटरवर करत राहणं ही दुसरी घोडचूक. परीक्षेत तो मिळत नाही. १९२.१६८.१०.७७/२६ दिसलं, की ब्लॉक ६४ चा, नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .१२७, वापरता येणारे पत्ते ६२, एवढं कागद न घेता सुचायला हवं. रोज थोडी गणितं सोडवा. एका रविवारी बसून हे साधत नाही.

राउटिंगमध्ये हमखास होणारा घोटाळा म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून मिळाला यावरून त्यावर किती भरवसा ठेवायचा तो आकडा, कमी तो चांगला) आधी पाहणं. राउटरच्या टेबलमध्ये १०.१.०.०/१६ चा स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट आहे आणि १०.१.५.०/२४ ओएसपीएफकडून (राउटरना आपापसात रूट कळवणाऱ्या प्रोटोकॉलकडून) आलाय. १०.१.५.९ साठीचं पॅकेट कुठून जाईल? स्टॅटिकचा डिस्टन्स १ आणि ओएसपीएफचा ११० असूनही ते ओएसपीएफच्या रूटनेच जातं, कारण आधी सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा नेटवर्क सांगणारा भाग, इथे /२४) निवडला जातो. डिस्टन्सची तुलना होते ती प्रीफिक्स अगदी सारखा असेल तेव्हाच. राउटिंग ज्यात येतं त्या आयपी कनेक्टिव्हिटीला परीक्षेत २५ टक्के वजन आहे, इथे घाई करू नका.

सीनियरकडून मिळालेल्या नोट्स कधीच्या आहेत ते बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये अभ्यासक्रम बदलला, ऑगस्ट २०२४ मध्ये १.१ आवृत्ती आली आणि त्यात टेराफॉर्म, एआय यांसारखे विषय आले. सिस्कोच्या साइटवरची विषयांची यादी छापून भिंतीला लावा.

डम्प्सना, म्हणजे परीक्षेतून फोडलेल्या प्रश्नोत्तरांना, हात लावू नका. त्यातली उत्तरं अनेकदा चुकीची असतात आणि पकडलं गेल्यास सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. तीनशे डॉलर आणि वर कर भरून हा धोका कशाला?

परीक्षा १२० मिनिटांची असते आणि पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. म्हणून सराव परीक्षाही मागे न जाताच द्या. आणि नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळवून घ्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, लग्नानंतर आडनावही बदलतं. दुरुस्ती लागणार असेल तर ती परीक्षेची तारीख घेण्याआधी करा.