प्रचारखर्चाचा हिशेब कसा वाचावा

उमेदवाराचा खर्चाचा हिशेब हातात पडला की बहुतेक लोक शेवटच्या पानावरची बेरीज पाहतात. मर्यादेच्या आत आहे ना, मग झालं. मी लेखापरीक्षक आहे आणि असे हिशेब हौसेने नव्हे, काळजीपोटी वाचते. माझं सांगणं एवढंच, की बेरीज सगळ्यात शेवटी पाहा. ती बसवूनच आणलेली असते. निवडणूक आयोगाची खरी अडचण म्हणजे त्याच्यासमोर येतो तो फक्त दाखवलेला खर्च. न दाखवलेला खर्च कोणीतरी बाहेरून शोधावा लागतो.

म्हणून काम प्रचार चालू असतानाच सुरू करा. सभा, फेरी, फलक, गाड्या, जे दिसेल ते तारीख-वेळ-ठिकाणासह वहीत लिहा आणि फोटो काढून ठेवा. भारतात निवडणूक आयोगाची पथकंही उमेदवाराच्या वहीला समांतर अशी स्वतःची नोंदवही ठेवतात. पण मतदारसंघ मोठा आणि पथकं मोजकी, त्यामुळे गल्लीबोळातलं बरंच निसटतं.

मग हिशेब आला की तुमची वही शेजारी उघडा. आधी जोडीचे खर्च शोधा. मंडप लिहिलाय, पण जनरेटर नाही. गाडीचं भाडं आहे, पण इंधन आणि चालक नाही. ध्वनिक्षेपक आहे, तर तो लावणारा माणूस कुठे गेला? मग दर पाहा. भारतात जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक ठरवतो, अगदी खुर्चीच्या भाड्यापर्यंत. ‘मित्राने फुकट दिलं’ म्हणून खर्च शून्य होत नाही, त्याची किंमत हिशेबात धरावीच लागते. बिलांचे क्रमांकही बघा. एकाच दुकानाची तीन आठवड्यांतली बिलं ओळीने लागोपाठच्या क्रमांकांची असतील, तर ती एका बैठकीत लिहिली असण्याची शंका घ्यायलाच हवी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका प्रश्नाला द्या: हा खर्च नावावर कोणाच्या टाकलाय? इथेच मोठमोठे आयोग हरले आहेत. फ्रान्समध्ये २०१२च्या अध्यक्षीय निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्यासाठी खर्चाची मर्यादा २ कोटी २५ लाख युरो होती. तिथल्या हिशेब आयोगाला मर्यादेपेक्षा सुमारे ३ लाख ६३ हजार युरो जास्त आढळले आणि त्याने हिशेब फेटाळला. प्रत्यक्ष खर्च जवळपास दुप्पट होता! प्रचारसभांची बिलं पक्षाच्या अधिवेशनांच्या नावाने फाडली होती. हे बाहेर आलं २०१४मध्ये, आणि न्यायालयाने सार्कोझींना दोषी ठरवलं २०२१मध्ये. आयोगाने काम केलं नव्हतं असं नाही. ती बिलं त्याच्या टेबलावर आलीच नव्हती.

ब्रिटनमध्ये २०१७ साली हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला ७० हजार पौंड दंड झाला, त्यात प्रचाराच्या बस आणि हॉटेलातल्या मुक्कामांच्या खर्चाचे हिशेब नीट न दिल्याचा विषय होता. मतदारसंघातला खर्च पक्षाच्या देशव्यापी खात्यात गेला, की स्थानिक मर्यादा कागदावर शाबूत राहते. त्या वेळी तिथला निवडणूक आयोग एका गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त २० हजार पौंडच दंड करू शकत होता. सत्ता जिंकू पाहणाऱ्या पक्षाला हा आकडा खर्चाच्या यादीतली आणखी एक ओळ वाटू शकतो, आणि मला याची फार चीड येते.

भारतात तर उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाहीच. त्यामुळे ‘पक्षाने केलं’ हे उत्तर कायम तयार असतं. फलकावर, सभेच्या मंचावर उमेदवाराचं नाव किंवा चेहरा होता का, हे तुमच्या फोटोत दिसलं पाहिजे.

तिसऱ्याच कोणी केलेला खर्च सर्वांत अवघड. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यातल्या निकालानंतर उमेदवाराशी संगनमत न करता कंपन्या आणि संघटना कितीही पैसा ओतू शकतात. संगनमत सिद्ध करायचं तर आतले निरोप हवेत. त्यात तिथल्या निवडणूक आयोगाचे सदस्य सहा, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कारवाईला चार मतं लागतात. तीन-तीन झाले की फाइल तिथेच थांबते. अशा ठिकाणी जाहिरातीखाली छापलेलं नाव, तारीख आणि ती कुठे दिसली एवढंच टिपा. निष्कर्ष लिहू नका.

तक्रार करताना एका नोंदीला एकच कागद ठेवा: वहीतली ओळ, फोटो, आणि हिशेबातली तीच जागा, भरलेली किंवा कोरी. भाषण नको. आणि वेळापत्रक आधीच काढून ठेवा. भारतात निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो आणि उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेची, म्हणजे निवडीलाच आव्हान देणाऱ्या अर्जाची, मुदत ४५ दिवसांची. उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला तर तुमच्या हाती जेमतेम पंधरा दिवस उरतात, त्यातही प्रत मिळवण्यात काही जातात. याचिका त्या मतदारसंघातला मतदार किंवा उमेदवारच करू शकतो, तेव्हा असा माणूस आणि वकील निकालाच्या आठवड्यातच गाठून ठेवा.