घरच्या घरी गाडीला मशिन पॉलिश आणि सीलंट

रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेलं फडकं गाडीवर फिरत असेल, तर उन्हात बॉनेटवर कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसणारच. फडक्यात अडकलेली धूळ क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ओरखडते. बहुतेक गाड्यांवर हा थर 35 ते 50 मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा खाते. म्हणून पॅड आणि पॉलिशच्या ज्या सौम्य जोडीने काम भागतं तिथेच थांबावं. नख अडकेल इतका खोल ओरखडा घालवायच्या नादी लागू नये.

मशिन ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे ज्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि डगमगतोही. ॲंगल ग्राइंडरला पॅड लावून पॉलिश करणं म्हणजे रंग जाळणं. त्याचा वेग मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास असतो.

आधी शाम्पूने धुवा, मग आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव), मग भरपूर ल्युब्रिकंट मारून क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. हात फिरवल्यावर पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागला पाहिजे. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, त्यात खडे बसतात. काळं प्लॅस्टिक, रबर आणि पत्र्याच्या धारांवर मास्किंग टेप लावा; धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. दुसऱ्यांदा रंगवलेल्या भागावर आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर हात हलका ठेवा, प्लॅस्टिकमधून उष्णता लवकर निघत नाही.

आता बॉनेटवर 45 बाय 45 सेंटिमीटरचा चौकोन घेऊन चाचणी करा. सुरुवात मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने. रेषा राहिल्या तरच मध्यम पॅड, आणि त्यानेही भागलं नाही तर कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. ही चाचणी गाळून थेट कंपाउंड घेतात, तिथेच क्लिअर कोट वाया जातो.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. पॅड पत्र्यावर टेकवूनच मशिन चालू करा. मशिनच्या वेगाच्या एक नंबरवर पसरवा, मग चार-पाच नंबरवर सेकंदाला 2 ते 3 सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. उभे, मग आडवे. असं दोन-तीन वेळा. बॅकिंग प्लेटच्या (पॅड ज्यावर चिकटतो ती चकती) कडेला मार्करची एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. दाबामुळे पॅड फिरायचा थांबला, तर रेषा जात नाहीत, नुसता पत्रा तापतो. पॉलिशचा भुगा उडायला लागला तर पत्रा गरम आहे किंवा माल जास्त झालाय. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. पूर्ण गाडीला किमान तीन-चार पॅड लागतात. पॅडवर गाडीचाच रंग उतरला, तर वर क्लिअर कोट नाही, एकेरी रंग आहे. तिथे फारच जपून.

पॉलिशमधलं तेल उरलेल्या रेषा झाकतं, म्हणून निकाल पाहण्याआधी 150 मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 850 मिलि डिस्टिल्ड वॉटर यांच्या मिश्रणाने पुसा, आणि टॉर्च तिरका धरून तपासा. सीलंट, म्हणजे रंगाचं रक्षण करणारा वरचा लेप, हेही याच स्वच्छ पृष्ठभागावर नीट धरतं.

सीलंट अगदी पातळ लावा, जाड थर पुसताना डाग धरतो. बाटलीवर दिलेला वेळ झाला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, आणि निदान 12 तास पाणी लागू देऊ नका. त्यामुळे पावसाळ्यात हे काम छपराखालीच करावं; हिवाळ्याची कोरडी हवा उत्तम. पुढे धुताना दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. बोअरिंगचं पाणी उन्हात वाळू देऊ नका, क्षाराचे डाग सीलंटवरही बसतात.