बागेत पाहुणे आलेत, पण दिसत नाहीत? या चुका टाळा

गणपतीच्या आगेमागे नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या तळ्याभोवतीच्या बागेत करडा धोबी हा छोटा स्थलांतरित पक्षी हजर होतो. जॉगिंग ट्रॅकच्या कडेला, गटाराच्या ओलीपाशी शेपूट खालीवर करत किडे टिपतो, चालणाऱ्यांच्या बुटांपासून जेमतेम चार हातांवर. तरीही गळ्यात नवीकोरी दुर्बीण अडकवलेली मंडळी तासाभरात “आज काहीच नाही” म्हणत परत फिरतात. त्यांची नजर तळ्यावर असते. शोध चालू असतो फ्लेमिंगोचा.

चुकीच्या पाहुण्याची वाट पाहणं

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, आणि आपल्याकडे स्थलांतर म्हणजे फ्लेमिंगो हे डोक्यात पक्कं बसलं. पण त्यांचे मोठे थवे यायला थंडी पडावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ लहानग्या पक्ष्यांचा: धोबी, वटवटे, हळद्या, राखी कोतवाल. ते झाडात आणि जमिनीवर सापडतात, तेव्हा तळं जरा विसरा.

दुर्बिणीतून सगळं पुसट दिसणं

दहापैकी पाच वेळा दुर्बीण चांगलीच असते, लावलेली नसते. बहुतेक दुर्बिणींना उजव्या डोळ्यापाशी एक फिरणारी कडी असते. तिच्याकडे मीही पहिलं वर्षभर ढुंकून पाहिलं नव्हतं. उजवं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबची एखादी पाटी मधल्या चाकाने स्वच्छ करून घ्या. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजवी कडी फिरवून तीच पाटी पुन्हा स्वच्छ करा. हे एकदाच करायचं. पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे कप आत दाबा, नाहीतर भोकातून बघितल्यासारखं दिसतं. आणि ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १२ पट मोठं दाखवणारी घेतलीत तर हात थरथरतो आणि पक्षी चौकटीत मावायच्या आत उडून जातो.

उशिरा जाणं, उन्हाकडे तोंड करणं

बरेच छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे भुकेले उतरतात. ऑक्टोबरात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. त्यानंतरचे दीड-दोन तास सोन्याचे. साडेआठनंतर ऑक्टोबर हीट सुरू झाली की पक्षी सावलीत आणि आपण रसवंतीत. सूर्य पाठीशी घ्या. पूर्वेकडे बघत उभे राहिलात तर प्रत्येक पक्षी काळाच दिसणार.

नाव घालायची घाई

ही चूक मी सगळ्यांत जास्त केली आहे. पोट पिवळं म्हणून ‘पिवळा धोबी’ असं वहीत लिहून मोकळा झालो, वर एका काकांशी वादही घातला. काका शांतपणे म्हणाले, “पाय बघितलेस का रे?” नव्हते बघितले. करड्या धोब्याचे पाय फिक्या गुलाबी रंगाचे, पाठ राखाडी आणि शेपूट अंगाच्या मानाने फारच लांब. पिवळ्याचे पाय काळे. काकांना चहा पाजावा लागला.

कोतवालाचंही तसंच. तारेवर उघड्यावर बसलेला, काळाकुळकुळीत, तो आपला नेहमीचा. झाडाच्या आत सावलीत बसलेला, करडट आणि लाल डोळ्यांचा दिसला तर तो राखी, हिवाळी पाहुणा. हळद्याचं पिल्लू पिवळंधमक नसतं. हिरवट पाठ, छातीवर रेघा. नवा पक्षी सापडल्याच्या आनंदात त्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

वटवट्यांच्या बाबतीत तर डोळ्यांवर विश्वासच ठेवू नका, कान लावा. खालच्या झुडपातून जिभेने टाळूला चक्-चक् केल्यासारखा आवाज आला तर तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. वरच्या पानांतून बारीक, दोन तुकड्यांची शीळ आली तर हिरवट वटवट्या. आवाज ओळखणारं अ‍ॅप मदतीला ठेवा, पण शेवटचा शब्द त्याला देऊ नका. माझ्या फोनने एकदा शिक्रा हा शिकारी पक्षी दाखवला. फांदीवर कोतवाल बसून त्याची नक्कल करत होता.

फोनवर आवाज लावून पक्षी बोलावणं

नकोच. हिमालयातून किंवा सायबेरियातून आलेल्या मूठभर जिवाला इथे खायचं असतं, खोट्या शत्रूशी भांडायचं नसतं. तसाही लाफ्टर क्लबचा स्पीकर चालू असतोच.

खाडीवर गेलो तर पक्षी मैलभर लांब

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की चिखल्या, तुतवार असे पक्षी काठाकडे सरकतात. भरतीची वेळ कोळ्यांच्या जुन्या हिशेबाने काढा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचे किती वाजले ते कळतं. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ, पण खाडीत आतवर पाणी यायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून नऊ धरा. त्या दिवशी साडेसहाला बाग, आठला खाडीचा काठ. मधल्या वेळात उपास नसेल तर वडापाव.