सेकंडहँड एटीव्ही बघायला जाताय? आधी गाडीखाली आडवे व्हा

मे महिना संपत आला की नागाव, काशीद, दिवेआगर साईडला एटीव्ही, म्हणजे वाळूत-चिखलात चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी बाईक, विकायला निघतात, पावसात राईडचा धंदा बसतो, गाड्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न असतो, मग भाव पण जरा खाली येतो. वाडीत खताची पोती, नारळ, फवारणीचा पंप न्यायला अशी गाडी खरंच कामाची आहे, त्यामुळे घेऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण किनाऱ्यावर राबलेली गाडी बघायची पद्धत वेगळी. प्लास्टिक नवीन मिळतं, सीट शिवून होते, इंजिन पण खोलून बांधता येतं, खाऱ्या पाण्याने खाल्लेली चासी मात्र कुणी परत देत नाही, म्हणून सुरुवात खालून करायची.

जाताना जुने कपडे घाला, टॉर्च, मोठा स्क्रूड्रायव्हर, फडकं, जॅक आणि असेल तर मल्टीमीटर घ्या. आणि फोनवरच सांगून ठेवा की दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर घाई नको, चहा घ्या, गार होऊ द्या, कारण गार इंजिन सेल्फला कसं उचलतं आणि पहिल्या दोन मिनिटांत धूर कसला येतो यावरच बरंच काही कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा सकाळी थोडा येऊन थांबला तर ठीक, पण इंजिन तापल्यावरही येतच राहिला आणि गाडी कूलंटवाली असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. ऑइलची डिपस्टिक चालू करायच्या आधीच काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथून सरळ घरी.

आता चासी. खाली जी संरक्षक प्लेट असते ती काढायला सांगा, थोडेच बोल्ट असतात. मालक काढू देत नसेल किंवा बोल्ट गंजून जाम झालेले असतील तर उत्तर तिथेच मिळालं. प्लेट आणि फ्रेमच्या मधे ओली वाळू अडकून बसते आणि तिच्यातलं मीठ महिनोन्‌महिने लोखंड खात राहतं, वरून गाडी रोज धुतली तरी तिथे पाइप पोचत नाही. फ्रेमचे पाइप पोकळ असतात, गंज आतून लागतो, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास न ठेवता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगल्या ठिकाणी टणटण वाजतं, सडलेल्या ठिकाणी आवाज बसका येतो. ए-आर्म (चाक धरणारे लोखंडी दांडे) जिथे फ्रेमला बसतात तिथले वेल्डिंग टॉर्चने नीट बघा, केसासारखी चीर असेल तर तिच्यातून गंजाचा लालसर ओघळ आलेला दिसतो. आणि गाडी सगळी जुनी, फक्त खालून ताजा काळा रंग, हे लक्षण अजिबात चांगलं नाही. मागचा रॅक पण बघा, पोती वाहायची असतील तर त्याचे जोड शाबूत पाहिजेत.

मग एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर घाण असणं समजू शकतो, पण फिल्टर काढून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं आणि बोटाला बारीक रेती लागली तर ती सिलिंडरपर्यंत गेली आहे, पिस्टन-रिंगचं काम काढलंच म्हणून समजा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा.

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत सीव्हीटी बेल्ट असतो, म्हणजे गिअरऐवजी दोन पुलींवर फिरणारा रबरी पट्टा. चढावर वजन घेऊन चालवा, इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही किंवा जळक्या रबराचा वास येतोय तर बेल्ट गेला, कधी कधी पुलीपण. हाय, लो, रिव्हर्स सगळे टाकून बघा. फोर बाय फोर असेल तर स्विच दाबून पुढची चाकं खरंच ओढतात का ते मोकळ्या मातीवर बघा, डॅशवर दिवा लागला एवढ्यावर जाऊ नका. हँडल पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या ॲक्सलचा वळता सांधा) गेला, बहुतेक वेळा त्याचा रबरी बूट फाटलेला सापडतो. लहान ११०-१२५ सीसी गाड्यांना चेन असते, तिथे स्प्रॉकेटचे दात आणि मागचा ॲक्सल वाकलाय का एवढं बघितलं तरी पुरे.

जॅकवर चाक उचला, वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. वर-खाली प्ले, म्हणजे चाक सैल हलणं, असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा प्ले असेल तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा. पुढचे-मागचे टायर गाडीच्या मूळ साइजचे नसतील, उंची जुळत नसेल तर फोर बाय फोरवर ताण येतो, आणि नवा सेट स्वस्त नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही भिडेखातर सोडू नका. अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडा, हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, प्रत्येक वेळी तो स्वतःहून झटकन मागे आलाच पाहिजे. मिठाने केबल जाम झालेली असते, आणि वाडीत उतारावर थ्रॉटल अडकला तर माणूस गाडीखाली जातो. किल स्विच (इंजिन लगेच बंद करायचं बटण) आणि पार्किंग ब्रेकपण तेव्हाच बघून घ्या.

सीट काढून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का, उंदरांनी कुरतडलंय का बघा. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १४ च्या जवळ दाखवायला हवी.

मीटरवर इंजिन चाललेले तास आणि किलोमीटर दोन्ही असतील तर भागाकार करा. ६०० तासांत ४,००० किलोमीटर म्हणजे ताशी सातसुद्धा नाही, ही गाडी किनाऱ्यावर फेऱ्या मारत किंवा नुसती चालू उभी राहून झिजलीय, किलोमीटर कमी म्हणून जास्त पैसे मोजू नका.

कागद. साध्या एटीव्हीला पासिंग नसतं, म्हणजे ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, न्यायला टेम्पोच लागणार, त्याचं भाडं हिशोबात धरा. मूळ बिल मागा, त्यावरचा चासी नंबर फ्रेमवरच्या नंबरशी आकडा न आकडा जुळवा, घासलेला असेल तर विषय संपला. ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली असेल, पोलारिसच्या स्पोर्ट्समन ५७० मधे तशा आहेत, तर आरसी बघा, बँकेचा बोजा चढलाय का बघा, आणि फॉर्म २९ व ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि विसार द्यायच्या आधी तिथूनच पार्टवाल्याला फोन लावा, मॉडेल सांगून बेल्ट, ब्रेक पॅड आणि व्हील बेअरिंग मिळतं का, किती दिवसांत, कितीला, तेवढं विचारा. तीनपैकी एकपण मिळत नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा.