इन्सुलिन सुटलेल्या मांजराला जपताना या चुका टाळा

पावसाळा सरला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "मांजराचा मधुमेह आटोक्यात येऊन इन्सुलिन सुटून सहा महिने झाले होते, आता पुन्हा घटाघटा पाणी पितंय." मी आधी एकच विचारते, ताटलीत काय पडतंय? पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मला उत्तर कळतं.

इंजेक्शनाशिवाय साखर किमान चार आठवडे नॉर्मल राहिली आणि लक्षणं नसली की त्याला रेमिशन म्हणतात. स्वादुपिंड पुन्हा पुरेसं इन्सुलिन सोडू लागलेलं असतं, पण जास्त ताण आला तर ते पुन्हा दमतं. बऱ्याच मांजरांचा मधुमेह परततो. तीन दिवस आकडे चांगले आले म्हणून आपल्या मनानं इंजेक्शन थांबवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. डोस डॉक्टरांना विचारून पायरीपायरीनं उतरवायचा असतो.

"एवढ्याशा शितानं काय होतंय?"

गोव्यातल्या घरात मांजर म्हणजे हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, कालवलेलं शीत, हे ठरलेलंच. धडधाकट मांजर ते वर्षानुवर्षं खातं. पण मांजर मूळचं निव्वळ मांसाहारी, पिष्ट पदार्थांचा मोठा वाटा हाताळायला त्याचं यकृत घडलेलंच नाही. मधुमेह होऊन गेलेल्याला तर मूठभर भातही रोज नको.

आमचा तांबू सात किलोंचा बोका होता. चार महिने इन्सुलिनवर काढून सुटला आणि आठ महिने छान राहिला. मग चवथ आली. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं, स्वयंपाकघरात नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, नाव नाही. बिचारा उपाशी राहील म्हणून कुणी दूधभात घातला, कुणी खिरीची वाटी पुढे केली. एक मावशी म्हापशाहून मांजरांच्या तयार सुक्या खाण्याचं, दाण्यांचं मोठं पाकीट घेऊन आल्या. पाहुणे गेले, पाकीट राहिलं, आणि धाकट्यानं ते तांबूला रोज थोडं थोडं घालून संपवलं. मी ते थांबवलं नाही, हे मला आजही लागतं.

महिन्याभरात त्याच्या मातीच्या पेटीतले लघवीचे गोळे मोठे दिसू लागले. मी कानाला टोचून साखर पाहिली, ११८. निश्चिंत झाले. पुढच्या दोन खेपांनाही असेच आकडे. दिवाळीच्या सुमारास तो अंगणात मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालताना दिसला. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की मांजराच्या पायांच्या नसा अशा दुबळ्या होतात. साखर तपासायच्या पट्ट्यांची नवी बाटली फोडून त्यातली पट्टी लावली तर ३८०. जुनी बाटली सगळा पावसाळा चुलीजवळच्या फळीवर होती, झाकण नीट न लागलेलं. दमट हवा लागलेली पट्टी कधी कमी दाखवते, कधी जास्त. तांबूला पुन्हा अडीच महिने इंजेक्शनं घ्यावी लागली.

तेव्हापासून पट्ट्यांची बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, झोपायच्या खोलीतल्या कपाटात असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिते. आकडा आणि मांजर यांचं जमत नसेल तर मी मांजरावर विश्वास ठेवते आणि कंट्रोल सोल्यूशननं, म्हणजे साखरेचं प्रमाण ठरलेल्या द्रावणानं, मशीन तपासते. चवथीसाठी त्याचे वेट फूडचे पाऊच आधीच आणून बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, कपाटात ठेवते आणि तिथेच उघडते. पाहुण्यांना दारातच सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे.

दुसरा धोक्याचा काळ १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंदीचा. ताजे बांगडे-पेडवे मिळेनासे होतात आणि माणसं सोय म्हणून दाण्यांकडे वळतात. सुकी मासळीही नको, तिच्यात मीठ फार.

"ग्रेन-फ्री" शब्दाला भुलू नका, तिथे धान्याऐवजी बटाटा, टॅपिओका नाहीतर वाटाणा असतो. पाकिटामागचे आकडे बेरजेला घ्या. प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, ओलावा १०, राख ८, झाले ६६. उरलेले ३४ टक्के म्हणजे पिष्ट. उष्मांकात धरलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि आपल्याला हवा साधारण दहावा हिस्सा. राख छापलेली नसेल तर मी ८ धरते. वेट फूडमध्येही दाट रश्शापेक्षा घट्ट लगद्याचं, म्हणजे पाते प्रकारचं घेते, कारण रस्सा दाट करायला बहुधा स्टार्च घालतात.

दवाखान्यातला एक आकडा आणि फ्रिजमधलं जुनं इन्सुलिन

डिचोलीकडच्या माझ्या ओळखीच्या एका काकींनी मांजरीला लसीसाठी स्कूटरवरून नेलं. टोपलीत कोंबलेली, बाहेर कुत्रे भुंकत होते. तिथे साखर निघाली २९०. काकी घाबरल्या. डॉक्टर म्हणाले थांबू, पुन्हा बघू. पण घरी येऊन त्यांनी फ्रिजमधल्या उरलेल्या इन्सुलिनचा जुना डोस दिला. रात्री मांजर लटपटत चालू लागली, मग आडवी झाली. मी फोनवरून हिरड्यांना मध चोळायला सांगितलं, घशात ओतायचा नाही हेही सांगितलं, आणि तसंच उचलून डॉक्टरांकडे पळायला लावलं. वाचली.

भीतीनं मांजराची साखर एवढी चढते, ३०० च्याही वर जाते. मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा. म्हणून आधी घरी, शांतपणे, एकदोन दिवस पाहा. शंका राहिली तर डॉक्टरांकडून फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करून घ्या, त्यात गेल्या एकदोन आठवड्यांची सरासरी कळते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय इंजेक्शनाची सुई हातात घ्यायचीच नाही.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, साखर चढलेली असताना तर फारच कमी. अल्फाट्रॅकसारखं प्राण्यांसाठीचं मशीन मिळालं तर उत्तम. नाहीतर एकच मशीन कायम वापरा आणि त्याच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पाहा.

लघवीच्या पट्टीवर भिस्त ठेवू नका, मांजराची साखर साधारण २५० च्या पुढे गेल्यावरच ती लघवीत उतरते.

खाज किंवा दम्यासाठी स्टेरॉइड सुचवलं तर "याला मधुमेह होऊन गेलाय" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं मधुमेह परत येऊ शकतो.

दात किडले, हिरड्या सुजल्या तर ते टाळू नका, त्यानंही साखर बिघडते.

जाड मांजराला उपाशी ठेवून बारीक करू नका, यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. आठवड्याला वजनाचा एक टक्का उतरला तरी पुष्कळ. मी दर रविवारी सकाळी टोपलीसकट लटकत्या काट्यावर तोलते आणि वहीत लिहिते. त्याच वेळी साखरही पाहते. कोमट कपड्यानं कानाची कड शेकली की थेंब सहज येतो.

नुसती उकडलेली कोंबडी किंवा मासे कायमचं जेवण म्हणून चालत नाहीत, त्यात कॅल्शियम कमी पडतं, आणि उकडताना मांजराला लागणारं टॉरीन हे पोषकद्रव्य पाण्यात उतरतं. घरचंच द्यायचं असेल तर पूरक द्रव्यं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पाणी मोजता आलं तर मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या पुढे गेलं तर काहीतरी बिघडलंय, आणि वेट फूडवरचं मांजर तर भांड्यातलं एरवी फारच कमी पितं. पावसात मात्र मांजर अंगणातल्या डबक्यांतून पितं, मोजमाप फसतं. तेव्हा पेटीतले गोळे रोज बघा.

खाणं सोडलं, उलट्या होताहेत, निपचित पडलंय, तोंडाला विचित्र गोडसर वास येतोय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री गाडी काढा.